आक्का, औंदाची सावड

आक्का, तुमचा तेरावा झाला त्या दिवशी तुमचं कांद्याचं रोप पन्नास दिवसांचं होतं. मांडवात बसलेल्या प्रत्येक बाईला ते ठाऊक होतं आणि एकही बोलत नव्हती. शेवटी दादाच बोलले. पानं उठली होती, पाहुणे एसटीची वेळ विचारत होते, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसलेला तुमचा नवरा मला म्हणाला, "वैजू, रोपाचं काय करायचं?"

मला बरं वाटलं. तेरा दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला होता.

पण उत्तर माझ्याकडे नव्हतं. साठ दिवसांच्या पुढं गेलं की रोपाची मान जाड होते, कांदा पोसत नाही, फुलाचे डेंगळे येतात. म्हणजे हातात दहा दिवस. आणि औंदा कुणाचं रान आधी, कुणाचं मागून, कुणाच्या किती बायका, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं. कागदावर एक ओळ नाही. मी तीन वर्षं सांगत होते, आक्का, लिहून ठेवा. तुम्ही म्हणायचात, "मी काय मरती का काय लगीच?"

या वाक्याचा मला अजून राग आहे. आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

मी दादांना काही बोलायच्या आत वरच्या वस्तीवरची कविता पुढं आली. डोळे रडून लाल, पण बोलणं सरळ. "वैजूताई, राग मानू नका. आक्का व्हत्या तवर ठीक व्हतं. आता कोन कुनाचं ऐकनार? आमी दोन घरं औंदा बाहेरची मजुरांची टोळी सांगतो."

दोन घरं म्हणजे कविता आणि तिची जाऊ. आपल्या अठरा बायकांतल्या सहा त्यांच्या. सहा गेल्या की उरलेल्या बारा जणींना प्रत्येक रानात जास्त दिवस लागणार, मागच्या घरांची रोपं जून होणार, मग तीही टोळी शोधणार. आणि सगळ्यात शेवटी पारूमावशी राहणार, कारण त्यांच्या अर्ध्या एकराला कुठलीच टोळी येत नाही. सावड कशी मोडेल हे मला तिथल्या तिथं, पायरी पायरीनं दिसलं. मोडू कशी द्यायची नाही, ते दिसत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला सावड समजावताना मी असं सांगते: ज्या घरानं दुसऱ्याच्या रानात जितक्या बायका जितके दिवस पाठवल्या, तितकी मदत त्या घराला परत मिळते. मजुरी नाही, कागद नाही. लग्न होऊन निमगाव साव्याला आले तेव्हा मला हे जुनाट वाटलं होतं. माहेरी अवसरीला आम्ही सरळ मजूर सांगायचो. इथं अकरा घरांच्या बायका एकमेकींच्या वाफ्यांत बसायच्या आणि तुम्ही, माझी मोठी जाऊ, त्या सगळ्यांना कुठं आणि कधी बसायचं ते सांगायचात. तुम्हाला हे काम कुणी दिलं होतं, मी विचारलं नाही. कुणालाच आठवत नसावं.

पुढं मी मंचरजवळच्या पॅकहाऊसमध्ये लागले. टोमॅटो निवडायला पट्ट्यावर उभी राहिले आणि काही वर्षांत पाळ्या लावणारी सुपरवायझर झाले. तिथं आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. सरांनी फळ्यावर लिहून दिलं, मोठं काम आधी तुकड्यांत मोडा. कुठला तुकडा कशाच्या आधी, ते ठरवा. मग प्रत्येक तुकड्याला माणूस, साधन आणि वेळ लावा. कुठं अडेल ते सुरू करायच्या आधीच शोधा. मला ते इतकं आवडलं की बसमधून उतरून मी थेट तुमच्याकडे आले. तुम्ही शेंगा फोडत होतात.

"एवढं शिकाया तीन दिस लागलं?"

"आक्का, त्याला शास्त्र आहे."

"आसंल की. पर त्या सरानं रोप बघितलं का?"

"कुठलं रोप?"

"कुठलंबी."

मी चहा न घेता घरी गेले होते. तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं ह्यांना सांगितलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे टीव्हीचा आवाज वाढवला.

लावणीच्या आधीचे आठ दिवस तुम्ही रोज दुपारी चपला घालून निघायचात. एका दुपारी एक-दोन घरं. चहा व्हायचा, कुणाच्या सुनेचं कौतुक व्हायचं, आणि बोलता बोलता तुम्ही त्यांच्या रोपाच्या वाफ्यापर्यंत जाऊन यायचात. मी म्हणायचे, यांना गप्पांना निमित्त लागतं. पण आठव्या दिवशी तुम्हाला माहीत असायचं की कुणाचं रोप पुढं गेलंय, कुणाची विहीर किती तासांत तळाला जाते, शेतीची लाईट कुठल्या आठवड्यात दिवसा आहे, कुणाच्या सुनेला सातवा लागलाय, कुणाच्या पोरीची बारावीची परीक्षा आहे. यातलं काहीही तुम्ही काम म्हणून विचारलेलं नसायचं. मग नवव्या दिवशी उभ्या उभ्या क्रम सांगून मोकळ्या व्हायचात.

तीन वर्षांपूर्वी माझ्याशी वाद घालून तुम्ही कंटाळलात आणि म्हणालात, "घे बाई, औंदा तूच लाव."

मी रविवारी बसून तक्ता केला. चांगला केला होता, हे आजही म्हणते. वाफ्यात दोघी समोरासमोर बसतात आणि लावत लावत सरकतात. तुमच्या जोड्या मला कधीच कळल्या नव्हत्या, चपळ बाईसमोर तुम्ही हमखास एखादी संथ बाई बसवायचात. चपळ बाईला थांबावं लागतं, हे पट्ट्यावर मी चालू दिलं नसतं. म्हणून मी चपळ बायकांच्या जोड्या वेगळ्या केल्या आणि संथ बायकांच्या वेगळ्या. जिचा वाफा तिनं पुरा करायचा, हा नियम. आणि पारूमावशींच्या नावापुढं मी तक्त्यात लिहिलं, 'अर्धी'.

मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सत्तरीची बाई, दिवसभरात निम्मंच काम होणार, तर तसं धरलेलं बरं. त्यांची मेंढरं उन्हाळ्यात सगळ्यांच्या रानात बसतात आणि त्या खतावर आपले कांदे पोसतात, हे मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं. रकानाच केला नव्हता.

चार दिवस काम असं पळालं की मी तुम्हाला दोनदा विचारलं, "बघितलं का?" तुम्ही म्हणालात, "बघती हाय." पाचव्या दिवशी तुम्ही दादांना घेऊन डोळ्याच्या दवाखान्यात गेला होतात. पारूमावशींच्या जोडीची बाई लेकराला ताप आला म्हणून दुपारीच घरी गेली. पाच वाजता बाकीच्यांचे वाफे संपले, बायका हातपाय धुऊन बांधावर उभ्या राहिल्या, आणि मावशी एकट्या अर्ध्या वाफ्यात. जिचा वाफा तिनं पुरा करायचा, म्हणून कुणी खाली उतरलं नाही. आम्ही सगळ्या बघत उभ्या. मी घड्याळ बघत होते. त्यांनी वाफा पुरा केला, विळा-टोपली उचलली आणि कुणाकडेही न बघता गेल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, गुडघा धरलाय, येता यायचं नाही.

तुम्ही मला बोलला नाहीत. बोलला असतात तर मी उत्तर दिलं असतं, तयार होतं. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन आलात आणि दारातूनच म्हणालात, "येती उद्या. आन् तू बस तिच्याम्होरं."

मी ती शिक्षाच समजले. पुढचे तीन हंगाम मी सुट्ट्या टाकून पारूमावशींसमोर बसले आणि त्यांचं ऐकून घेतलं. "आगं, बोट किती खोल घालतीस? लावतीस का पुरतीस?" "रोपाचा गळा दाबू नगं, त्यानं काय केलं तुझं?" आसपासच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्या तक्त्याच्या वर्षी लावणीनंतर दहा दिवसांनी नांग्या भरायची वेळ आली. माझ्या चपळ जोड्यांच्या वाफ्यांत मेलेल्या रोपांच्या जागा इतक्या होत्या की त्या भरायला दोन पूर्ण दिवस गेले. पारूमावशींच्या वाफ्यात अशी एकही जागा शोधून सापडली नाही. म्हणजे वाचवलेले दिवस परत गेले, वर एका म्हातारीला बांधावरून बघत उभं राहायची लाज मी सगळ्यांना दिली ती वेगळीच. हे मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते. तक्ता चुकला होता, आक्का. सांगायला उशीर झाला. पॅकहाऊसमध्येही चूक कबूल करायला मी असाच वेळ लावते, तुमच्याशी म्हणून वेगळं वागले नाही.

पण म्हणून तुमचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मोकळ्या दिवसाचं भांडण आपलं राहिलंच.

सगळ्या रानांचं मिळून बावीस दिवसांचं काम. तुम्ही दर चार दिवसांनी एक दिवस कोरा सोडायचात, म्हणजे सत्तावीस. मी म्हणायचे, हंगामात पाच दिवस कोण सोडतं? सात दिवसांनी एक पुरे.

"माणसं हायती ती. तुझा पट्टा न्हाई."

"पट्टा बंद ठेवला तर माल सडतो, आक्का."

"मग त्यात टोमॅटो हायती. ह्यात बाया हायती."

एका मोकळ्या दिवशी तुम्ही जीप ठरवून आम्हाला भीमाशंकरला नेलंत. येताना घोडेगावच्या अलीकडं चाक पंक्चर. तासभर रस्त्याच्या कडेला बसलो, कुणीतरी भेळ आणली. बांधावरून वर्षभर अबोला धरलेल्या कविता आणि तिची जाऊ एकाच कागदातून खाताना मी पाहिल्या. तुम्हीही पाहिल्यात, आणि माझ्याकडे असं बघितलंत की, आता बोल. मी म्हटलं, "हे पंक्चरमुळे झालं. मोकळ्या दिवसामुळे नाही." तुम्ही इतक्या हसलात की जीपवाल्यानं वळून बघितलं.

तो वाद तसाच आहे. मला अजूनही दर चार दिवसांनी जास्तच वाटतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पॅकहाऊसला रजा सांगितली आणि दुपारी चपला घातल्या. पहिल्या दोन घरी वही घेऊन गेले. वही बघून माणसं मोजकं बोलतात, हे माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या घरी ती पिशवीतच ठेवली. आठ दिवस माझ्याकडे नव्हते, म्हणून तीन दुपारींत अकरा घरं केली. चहाचं विचारू नका. पित्त झालं.

कविताकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. ती ओट्यावर लसूण निवडत होती. मी तिचं रोप बघितलं, मुलीचं विचारलं. मुलीचा साखरपुडा ठरलाय. लावणी त्याच्या आधी उरकली नाही तर घरात पाहुणे आणि रानात बायका एकाच दिवशी येतात.

"म्हणून टोळी?"

"मग काय करू? आक्का असत्या तर सांगितलं असतं, आमचं जरा आधी घ्या."

"मला सांगायचं."

"तुमी इचारलं कुठं? तुमी आपल्या हापिसात."

हे खरं होतं, म्हणून मीही लसूण निवडायला घेतला. मग म्हटलं, "तुझं रान दुसरं. साखरपुड्याच्या आधी मोकळी होशील."

"आन् नाय झालं तर?"

"तर टोळी सांग. मी तुला अडवणार नाही."

ती हो म्हणाली नाही. "बघू" म्हणाली.

शेवटची दुपार पारूमावशींकडे. त्यांचा मुलगा मेंढरं घेऊन लांब गेलेला, नात शाळेत. त्यांनी कोरा चहा टाकला. मी विचारायचं ठरवून गेले होते, आणि आयुष्यात एकदा तरी ठरवलेलं विचारलं.

"मावशी, मी तक्ता केला त्या साली तुम्ही यायच्या थांबला होतात. तेव्हा आक्का येऊन काय म्हणाल्या होत्या?"

"काय न्हाई. चा पेली. मेंढराचं इचारलं." त्या गाळणी आपटत म्हणाल्या. "मग म्हनली, पारूबाई, आमच्या वैजूला लावनी येत न्हाई. समद्यांत फास्ट आन् समद्यांत जास्त रोप मारती. तुमी तिच्याम्होरं बसला न्हाई, तर त्या पोरीचं आवघड हाय."

पोरीचं. मी शेहेचाळीस वर्षांची होते, आक्का.

म्हणजे तीन वर्षं मी समजत होते की तुम्ही मला त्यांना सांभाळायला बसवलंय. आणि मावशी तीन वर्षं मला शिकवायला येत होत्या, दुखऱ्या गुडघ्यानं, कारण तुम्ही मागितलं होतं. मी हसले. मग माझं हसणं थांबलं आणि कप खाली ठेवावा लागला. तुम्ही गेल्यावर मी रडले ती तिथं, मेंढरांच्या वासात, एवढंच. मावशींनी दुसरीकडे बघितलं.

"तक्त्यात तुमच्या नावापुढं 'अर्धी' मी लिहिलं होतं," मी म्हटलं.

"म्हाईत हाय की. माझी नात वाचती."

"माझं चुकलं."

"बरं. आता रोप कवा उपटायचं ते सांग."

मग मी क्रम सांगितला, बायकांना तुमच्याच अंगणात बोलावून. पहिलं रान तुमचं. दोघी-तिघी लगेच म्हणाल्या, हो हो, आक्कांना मान. मी म्हटलं, मान म्हणून नाही. सगळ्यांत जून रोप त्यांचं, म्हणून. दुसरं कविताचं, तिसरं पारूमावशींचं, आणि असं पुढं. माझं रान नववं, कारण माझं रोप मागं आहे. जोड्या तुमच्यासारख्या, चपळ बाईसमोर संथ. मोकळा दिवस दर पाच दिवसांनी. बाविसाचे सव्वीस झाले. तुमच्यापेक्षा एक दिवस कमी. एवढ्या एका दिवसासाठी आपण तीन वर्षं भांडलो.

लावणीच्या सकाळी आठला मी तुमच्या बांधावर उभी होते. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. रोप उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या, वाफे भिजवलेले, दादा पाण्याच्या पाटाकडे उगाच ये-जा करत. सव्वाआठला अकरा बायका. तुमची सून कोमल धरून बारा, जिनं आजवर औषधाच्या दुकानाचं काउंटर सोडून कशाला हात लावला नव्हता. वरच्या वस्तीवरचं कुणी नाही. साडेआठला दादा म्हणाले, "सुरू करा आता." मी म्हटलं, दहा मिनिटं. हे मी पट्ट्यावर कधी म्हटलेलं नाही.

पावणेनऊला त्या सहाही बांधावरून आल्या. कविता पुढं.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"गाय व्याली. आता काय तिला सांगू, वैजूताईचा तक्ता हाय म्हनून?"

सगळ्या हसल्या. मी जोड्या सांगितल्या. मावशींसमोरची माझी जागा कोमलला दिली आणि मी कविताच्या समोर बसले. कोमलनं पहिलं रोप घातलं आणि मावशी म्हणाल्या, "ह्या घरात समद्याच पुरत्यात का काय!"

तुमचं दीड एकर दीड दिवसात झालं. मग कविताचं, मग मावशींचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तुमच्या रानाला आंबवणीचं पाणी दिलं तेव्हा मी दादांबरोबर गेले. लावल्यावर मातीवर लोळणारं रोप त्या पाण्यानंतर मान वर करतं, तुम्हाला सांगायला नको. दादा बराच वेळ वाफे बघत राहिले. "लागलं," म्हणाले. मग म्हणाले, "कोमलला म्हनावं, चांगलं लावलंय." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं. तिच्याशी ते आजवर कितीदा सरळ बोललेत, तुम्हाला माहीत आहे.

आज पाचवा दिवस संपला, उद्या मोकळा. दुपारी कविता कालव्याकडच्या एका बाईला घेऊन माझ्या वाफ्यापर्यंत आली. नवीन घर आहे, दोन वर्षांपूर्वी रान घेतलेलं. कविताच बोलली, "वैजूताई, हिला सावडीत यायचंय. मी म्हनलं, इचारून बघू." आठ दिवसांपूर्वी टोळी सांगणारी बाई. मी तिला ते बोलून दाखवलं नाही. कधीतरी दाखवीनच.

बारावं घर म्हणजे निदान दोन दिवस वाढणार आणि मोकळा दिवस पुढं सरकणार. बायका दोनच, त्यातली एक ओली बाळंतीण. रोप अडतीस दिवसांचं, असं ती सांगते, मी अजून बघितलेलं नाही. पण तिच्या विहिरीला पाणी मुबलक आहे, आणि खालच्या अंगाच्या तीन घरांचं पाणी दर साली कांदा पोसायच्या वेळी कमी पडतं.

बसवते कुठंतरी. बसेल.